इव्हँजेलिकल मतदार आणि वादग्रस्त उमेदवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत निवडणूक झाली की पुण्या-मुंबईहून नातेवाइकांचे मेसेज येतात आणि त्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "एवढी देवभीरू माणसं, आणि मत ह्याला?" माणसं म्हणजे इव्हँजेलिकल ख्रिस्ती, आणि 'हा' म्हणजे बहुतेक वेळा डोनाल्ड ट्रम्प. त्या एका प्रश्नाच्या पोटात बरेच प्रश्न आहेत. ते सुटे करून इथे उत्तरं दिली आहेत. माझी मतंही त्यात आहेत, लपवलेली नाहीत.

इव्हँजेलिकल म्हणजे नेमके कोण?

प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांमधला एक मोठा प्रवाह. हा एकच एक पंथ नाही. त्यांचा कुणी पोप नाही, मुख्यालय नाही. सदर्न बॅप्टिस्ट, असेंब्लीज ऑफ गॉड, इतर पेन्टेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणाऱ्या) मंडळ्या आणि कुठल्याच पंथाची पाटी न लावणारी हजारो स्वतंत्र चर्चेस, असा सगळा हा गोतावळा. डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकाराने १९८९ मध्ये त्यांच्या चार खुणा सांगितल्या आणि त्या आजही वापरल्या जातात: माणसाचा नवा जन्म व्हावा लागतो (म्हणजे येशूला स्वीकारून याच आयुष्यात आतून पालटणं), बायबल हाच अखेरचा शब्द, येशूचं क्रूसावरचं मरण हा श्रद्धेचा गाभा, आणि ही श्रद्धा मनात न ठेवता जगात कामाला लावायची.

निवडणुकीच्या बातम्यांमध्ये 'इव्हँजेलिकल' म्हटलं की बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'गोरे इव्हँजेलिकल' असा असतो. काळ्या लोकांच्या चर्चमध्येही याच चार खुणा सापडतात, पण त्यांचं मत भलतीकडे जातं. त्याबद्दल पुढे येईल.

आपल्याकडचे ख्रिस्ती म्हणजे हेच का?

नाही, पण नातं आहे आणि ते गमतीचं आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं, १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं झालं, शाळा निघाल्या. ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले ते याच मिशनच्या परिघात. ही मंडळी न्यू इंग्लंडमधली काँग्रिगेशनल पंथाची. त्या काळच्या मापाने अस्सल इव्हँजेलिकल.

आज त्या पंथाचा अमेरिकेतला वारसा युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टकडे आहे आणि ते देशातल्या सर्वांत उदारमतवादी चर्चपैकी एक आहे. उघडपणे समलिंगी असलेल्या माणसाला त्यांनी १९७२ मध्ये पाळकपदाची दीक्षा दिली. बराक ओबामा शिकागोत ज्या चर्चला जात, ते याच पंथाचं. म्हणजे नगरला ज्यांनी शुभवर्तमान आणलं त्यांचे आजचे वारसदार ट्रम्प यांच्या सभेत दिसण्याची शक्यता फार कमी. 'अमेरिकन मिशनरी' आणि 'ट्रम्पचे मतदार' यांची सरळ रेघ जोडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

मतं खरंच इतकी एकतर्फी पडतात?

हो. २०१६ च्या मतदानोत्तर चाचणीत गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिल्याचं दिसलं. २०२० मध्ये वेगवेगळ्या पाहण्यांत हा आकडा ७६ ते ८४ च्या दरम्यान होता. २०२४ मध्ये पुन्हा ८० च्या घरात.

पण मागे जाऊन बघा. २००४ मध्ये जॉर्ज बुश यांना ७८ टक्के. बुश दारू सोडलेले, नवा जन्म झाल्याचं सांगणारे, रोज बायबल वाचणारे. २०१२ मध्ये मिट रोम्नी यांनाही सुमारे ७८ टक्के, आणि रोम्नी तर मॉर्मन. अनेक इव्हँजेलिकलांच्या लेखी मॉर्मन हे ख्रिस्तीच नव्हेत. प्रसिद्ध इव्हँजेलिकल प्रचारक बिली ग्रॅहम यांच्या संस्थेच्या वेबसाइटवर मॉर्मन पंथाचा उल्लेख भरकटलेल्या पंथांमध्ये होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये रोम्नी ग्रॅहमना भेटून गेले आणि तो उल्लेख तिथून गायब झाला.

धर्मनिष्ठ मेथडिस्ट, मॉर्मन आणि तीन लग्नं केलेला कसिनोमालक. तिघांनाही जवळपास तेवढीच मतं. म्हणून 'ट्रम्पमुळे हे लोक बदलले' हे वाक्य मला पटत नाही. मत कुणाला द्यायचं हे आधीच ठरलेलं होतं. बदलली ती त्या मतामागची कारणमीमांसा, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

ते पहिल्यापासून रिपब्लिकनच का?

नाही. १९७६ मध्ये जिमी कार्टर निवडून आले. डेमोक्रॅट, जॉर्जियाचे, बॅप्टिस्ट, रविवारच्या शाळेत शिकवणारे. आपला नवा जन्म झाला आहे असं ते मोकळेपणाने सांगत. अनेक इव्हँजेलिकलांनी त्यांना हौसेने मत दिलं. चारच वर्षांत तेच लोक रोनाल्ड रेगन यांच्या मागे गेले. रेगन हॉलिवूडचे नट, घटस्फोटित, चर्चला क्वचित जाणारे, आणि कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचा कायदा सैल करणारे. उमेदवाराच्या खासगी आयुष्यापेक्षा तो कुठल्या बाजूला उभा आहे हे बघायची सवय १९८० इतकी जुनी आहे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये डॅलसला हजारो पाळकांपुढे रेगन म्हणाले, तुम्हाला मला पाठिंबा देता येणार नाही हे मी जाणतो, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. एवढ्या एका वाक्यावर सभागृह जिंकलं. बॅप्टिस्ट पाळक जेरी फॉलवेल यांची 'मॉरल मेजॉरिटी' ही पुराणमतवादी ख्रिस्ती मतदारांची राजकीय संघटना आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, स्थापन झाली होती.

सुरुवात गर्भपाताच्या प्रश्नावरून झाली ना?

लोकप्रिय उत्तर 'हो' असं आहे: १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'रो विरुद्ध वेड' खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला, आणि चर्च पेटून उठलं. पण तारखा या कथेला नीट साथ देत नाहीत. १९७१ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट अधिवेशनाने जो ठराव केला त्यात बलात्कार, गर्भात गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका, अशा कारणांसाठी गर्भपाताला कायद्याने मुभा असावी असं म्हटलं होतं. गर्भपाताला विरोध हा तेव्हा मुख्यतः कॅथलिकांचा विषय समजला जाई.

रँडल बामर या इतिहासकाराचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते ठिणगी पडली ती करसवलतीवरून. दक्षिणेत सरकारी शाळांमध्ये काळी-गोरी मुलं एकत्र बसू लागल्यावर गोऱ्यांसाठी खासगी ख्रिस्ती शाळांचं पीक आलं. वर्णभेद करणाऱ्या शाळांना करसवलत मिळणार नाही, असं १९७० च्या दशकात सरकारने आणि न्यायालयांनी ठरवलं. साउथ कॅरोलिनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाची सवलत गेली. तिथे १९७१ पर्यंत काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता, आणि काळ्या-गोऱ्यांनी एकमेकांबरोबर फिरायला जाण्यावरची बंदी तर थेट २००० साली उठली. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी विद्यापीठाच्या विरोधात निकाल दिला. सरकार आमच्या संस्थांच्या दारात आलं, ही भावना तेव्हापासूनची.

बामर यांची मांडणी सगळ्यांना मान्य नाही. गर्भपाताबद्दलची अस्वस्थता सामान्य चर्चमध्ये आधीपासून होती, असं म्हणणारे अभ्यासकही आहेत. मला वाटतं दोन्ही धागे होते. पुढाऱ्यांना जमवलं कराच्या धाग्याने, आणि लोकांना बांधून ठेवलं ते गर्भपाताच्या. आज तुम्ही एखाद्या इव्हँजेलिकल बाईशी बोललात तर ती पोटातल्या बाळाबद्दल मनापासून बोलेल. तिच्या आजोबांच्या पिढीतल्या ठरावाने तिची कळकळ खोटी ठरत नाही.

ट्रम्प स्वतः धार्मिक आहेत का?

लहानपणी प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्याच एका जुन्या पंथाचे. २०२० मध्ये त्यांनी आपण आता कुठल्याच पंथाचे नसलेले ख्रिस्ती आहोत असं सांगितलं. एवढ्यावर हे उत्तर संपलं असतं, पण दोन प्रसंग सांगायलाच हवेत.

जुलै २०१५, आयोवातलं एम्स गाव. पुराणमतवादी ख्रिस्ती मतदारांचा मेळावा. व्यासपीठावर ट्रम्प यांना विचारलं जातं, तुम्ही कधी देवाकडे क्षमा मागितली आहे का? इव्हँजेलिकल माणसाला यापेक्षा सोपा प्रश्न नसतो. पापाची कबुली आणि क्षमा यावर तर सगळा डोलारा उभा. ट्रम्प म्हणाले, मागितल्याचं काही आठवत नाही. चूक झाली तर मी ती सुधारायचा प्रयत्न करतो, देवाला त्यात आणत नाही. मग प्रभुभोजनाबद्दल (येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या चर्चमधल्या विधीबद्दल) म्हणाले की ती थोडीशी वाइन पितो आणि तो छोटासा क्रॅकर खातो, तेव्हा तेही क्षमा मागण्यासारखंच असावं. लोक हसले. त्याच दिवशी, त्याच व्यासपीठावर, व्हिएतनाममध्ये युद्धकैदी राहिलेल्या जॉन मॅकेन यांची त्यांनी खिल्ली उडवली आणि बातम्या सगळ्या त्याच्याच झाल्या. क्षमेचं उत्तर मागे पडलं.

दुसरा प्रसंग जानेवारी २०१६ चा. व्हर्जिनियातलं लिबर्टी विद्यापीठ, फॉलवेल यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेलं. ट्रम्प यांनी भाषणात बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा दाखला दिला, पण म्हणाले 'टू कोरिंथियन्स'. रविवारच्या शाळेतलं पोरही 'सेकंड' म्हणतं. विद्यार्थी फिदीफिदी हसले. काही दिवसांतच विद्यापीठाचे तेव्हाचे प्रमुख, जेरी फॉलवेल धाकटे, यांनी ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला.

ट्रम्प यांनी या लोकांना फसवलं, असं म्हणणाऱ्यांनी हे दोन प्रसंग आठवावेत. ते काय आहेत हे पहिल्या दिवसापासून उघड होतं.

मग कारण काय? थोडक्यात सांगा.

न्यायाधीश.

थोडं विस्ताराने?

फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया वारले. सिनेटमधल्या रिपब्लिकनांनी ती जागा निवडणूक होईपर्यंत रिकामी ठेवली. मे महिन्यात ट्रम्प यांनी आपण कुणाला नेमू त्या नावांची यादीच जाहीर केली, जे आधी कुठल्या उमेदवाराने केलं नव्हतं. जुलैत उपाध्यक्षपदासाठी माइक पेन्स यांना घेतलं, ज्यांच्या इव्हँजेलिकल असण्याबद्दल कुणाला शंका नव्हती. म्हणजे मतदारापुढे व्यवहार स्वच्छ मांडला गेला.

आणि त्याला निकड होती. जून २०१५ मध्ये समलिंगी विवाह देशभर वैध झाला होता. त्या खटल्याच्या सुनावणीत न्यायमूर्ती अलिटो यांनी बॉब जोन्सच्या निकालाची आठवण काढून विचारलं की, मग समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या धार्मिक महाविद्यालयांच्या करसवलतीचं काय? सरकारी वकिलांनी कबूल केलं की तो मुद्दा पुढे येईल. हे एक वाक्य ख्रिस्ती महाविद्यालयांच्या वर्तुळात वणव्यासारखं पसरलं.

त्यात संख्येची भीती. पीआरआरआय या संशोधन संस्थेच्या मोजणीत २००६ मध्ये देशाच्या लोकसंख्येत गोरे इव्हँजेलिकल २३ टक्के होते. २०२० मध्ये सुमारे १४. एकेकाळी आपण देशाचा कणा होतो आणि आता टीव्हीवर आपली टिंगल होते, असं वाटणारा समाज साधुपुरुष शोधत नाही. डॅलसचे प्रसिद्ध पाळक रॉबर्ट जेफ्रेस यांनी तर सरळच सांगितलं की देशाच्या रक्षणासाठी मला सर्वांत कडक, सर्वांत खडूस माणूस हवा आहे.

व्यवहार पुरा झाला का? झाला. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत तीन न्यायमूर्ती नेमले आणि २४ जून २०२२ रोजी 'डॉब्ज' निकालाने 'रो' रद्द झाला. ज्यासाठी जवळजवळ अर्धं शतक प्रार्थना आणि मोर्चे झाले, ते या माणसामुळे मिळालं.

मग २०२४ मध्ये तरी दुसरा कुणी निवडता आला असता की!

बरोबर प्रश्न. 'न्यायाधीशांसाठी नाइलाज' हे स्पष्टीकरण इथे अडखळतं. 'रो' गेलं होतं. प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, पेन्स स्वतः उभे होते. आयोवातलं मतदान व्हायच्या आधीच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्यांना माघार घ्यावी लागली. मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ३४ आरोपांवर ट्रम्प दोषी ठरले. आणि जुलैत रिपब्लिकन पक्षाच्या जाहीरनाम्यातून देशव्यापी गर्भपातबंदीची जुनी मागणी काढून टाकली गेली. इतकं होऊनही मतं तीच, ८० च्या घरात. जो मुद्दा सर्वांत पवित्र म्हणून सांगितला जायचा तो मवाळ झाला तरी मतं हलली नाहीत. तेव्हा नुसती न्यायाधीशांची यादी पुरेशी नाही. पक्षाशी असलेली ओळख आता श्रद्धेइतकीच खोल गेली आहे, असं माझं मत आहे.

कोरेश राजाची गोष्ट सारखी का निघते?

जुन्या करारात यशयाच्या ४५ व्या अध्यायात पर्शियाचा राजा कोरेश याला देवाने आपला अभिषिक्त म्हटलं आहे. कोरेश यहुदी नव्हता, त्यांच्या देवाला मानणाराही नव्हता. पण बाबेलच्या बंदिवासातून त्याने यहुद्यांना घरी जाऊ दिलं. लान्स वॉलनाऊ या प्रचारकाने २०१६ मध्ये हा दाखला ट्रम्पना लावला: अध्याय ४५, आणि ट्रम्प ४५ वे अध्यक्ष. आकड्यांचा हा खेळ पुष्कळांना फार आवडला. जेरुसलेममध्ये १४ मे २०१८ रोजी अमेरिकेचा दूतावास उघडला तेव्हा कोरेशचं नाव पुन्हा सगळीकडे घुमलं.

दाखला चतुर आहे, कारण त्यात उमेदवाराच्या चारित्र्याचा प्रश्नच मिटतो. राजा जितका वाईट, तितका देवाचा हात स्पष्ट. पण यशयातल्या यहुद्यांनी कोरेशला मत देऊन निवडलं नव्हतं, ही बारीकशी अडचण कुणी बोलून दाखवत नाही.

क्लिंटन यांच्या वेळी हेच लोक काय म्हणत होते?

मला विचाराल तर या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

१९९८ मध्ये बिल क्लिंटन आणि मोनिका लेविन्स्की प्रकरण गाजत असताना सदर्न बॅप्टिस्टांनी वार्षिक अधिवेशनात सार्वजनिक पदावरच्या लोकांच्या नैतिक चारित्र्यावर ठराव केला. सार असं: पुढाऱ्यांची गंभीर गैरवर्तणूक खपवून घेतली की समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते आणि देवाचा कोप ओढवतो. बिली ग्रॅहम यांचे चिरंजीव फ्रँकलिन ग्रॅहम यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की अध्यक्षाचं पाप खासगी नसतं. तेच फ्रँकलिन ग्रॅहम पुढे ट्रम्प यांच्या ठाम समर्थकांमध्ये गणले गेले.

सामान्य लोकांचंही मत फिरलं, आणि ते मोजलं गेलं आहे. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा माणूस सार्वजनिक पदावर नीतीने काम करू शकतो का, हा प्रश्न पीआरआरआयने विचारला. २०११ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के 'हो' म्हणाले. २०१६ मध्ये ७२ टक्के. पाच वर्षांत!

अल्बर्ट मोहलर हे सदर्न बॅप्टिस्टांच्या सर्वांत जुन्या सेमिनरीचे (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाचे) प्रमुख. २०१६ मध्ये ते म्हणाले होते की मी ट्रम्प यांना पाठिंबा दिला तर मला बिल क्लिंटन यांची माफी मागावी लागेल. २०२० मध्ये त्यांनी ट्रम्प यांना मत देणार असल्याचं जाहीर केलं. वेन ग्रूडम हे ईश्वरविज्ञानाचे नामवंत प्राध्यापक. त्यांचं पाठ्यपुस्तक जगभर शिकवलं जातं. जुलै २०१६ मध्ये त्यांनी लिहिलं की ट्रम्पना मत देणं ही नैतिकदृष्ट्या चांगली निवड आहे. ७ ऑक्टोबरला बायकांना वाटेल तिथे हात लावण्याच्या फुशारक्या मारणारी ट्रम्प यांची ती जुनी टेप बाहेर आली. ९ तारखेला ग्रूडमनी पाठिंबा मागे घेतला, तो लेखही काढून घ्यायला लावला. १९ तारखेला तिसरा लेख: दोघेही उमेदवार आवडत नसतील तर ट्रम्प यांच्या धोरणांना मत द्या. तीन महिन्यांच्या आत एका विद्वानाची वैचारिक घालमेल अशी तारीखवार बघायला मिळणं दुर्मीळच.

रॉय मूर प्रकरण काय होतं?

अलाबामा, डिसेंबर २०१७, सिनेटची पोटनिवडणूक. रॉय मूर राज्याचे माजी सरन्यायाधीश. न्यायालयाच्या इमारतीत त्यांनी दहा आज्ञांची दोन टनांहून जड ग्रॅनाइटची शिळा बसवली होती. ती हटवण्याचा आदेश धुडकावला म्हणून २००३ मध्ये पद गेलं. लोकांनी पुन्हा निवडून दिलं, आणि २०१६ मध्ये समलिंगी विवाहाच्या निकालावरून ते पुन्हा निलंबित झाले. तिथल्या अनेक चर्चमध्ये हा माणूस हुतात्माच.

मतदानाच्या महिनाभर आधी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बातमी दिली: मूर तिशीत असताना किशोरवयीन मुलींच्या मागे लागत, आणि त्यातल्या एकीचं वय तेव्हा १४ होतं असं तिचं सांगणं. मूर यांनी आरोप फेटाळले. राज्याच्या एका अधिकाऱ्याने बचावात चक्क येशूचे आईबाप योसेफ आणि मरिया यांचं उदाहरण दिलं: ती किशोरवयीन, तो प्रौढ. मतदानोत्तर चाचणीत गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ८० टक्के मूर यांच्या बाजूनेच दिसले.

तरी मूर हरले. डग जोन्स यांच्याशी फरक जेमतेम २२ हजार मतांचा. काळे मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले आणि जवळजवळ सगळे जोन्स यांच्याकडे गेले. पण दुसरंही एक घडलं. मतपत्रिकेवर छापलेलं कुठलंच नाव न निवडता तिसऱ्याचं नाव हाताने लिहिणारे लोक त्या २२ हजारांपेक्षा थोडे जास्त भरले. राज्याचे ज्येष्ठ रिपब्लिकन सिनेटर रिचर्ड शेल्बी यांनी आपणही तसंच केल्याचं सांगितलं. डेमोक्रॅटला मत देववत नाही आणि मूरलाही नाही, अशा माणसांना ही एक पळवाट सापडली.

चर्चमध्ये पाळक सांगतात का, अमक्याला मत द्या म्हणून?

सहसा नाही. १९५४ च्या 'जॉन्सन दुरुस्ती'नुसार करसवलत घेणाऱ्या संस्थांना उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. हा कायदा कागदावरच जास्त राहिला. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका चर्चने क्लिंटनविरोधी जाहिरात वर्तमानपत्रात दिली आणि त्याची सवलत गेली, ते विरळा उदाहरण. जुलै २०२५ मध्ये तर कर खात्यानेच एका खटल्यात भूमिका घेतली की उपासनेत आपल्या मंडळीपुढे उमेदवाराबद्दल बोलणं म्हणजे प्रचार नव्हे.

शेजारणीच्या आग्रहावरून मी तिच्या चर्चला गेले आहे, निवडणूक तोंडावर असताना. पार्किंगमध्ये चमकत्या जाकिटातले स्वयंसेवक, दारात कागदी कपातली कॉफी, पोरांना नावाचं स्टिकर चिकटवून वर्गात पाठवणी, मग गिटार-ड्रम आणि पडद्यावर गाण्याच्या ओळी. जीन्स घातलेला पास्टर पाऊण तास इफिसकरांस पत्रावर बोलला. कुणाचंही नाव नाही. प्रार्थनेत मात्र देशासाठी, न्यायाधीशांसाठी आणि न जन्मलेल्या बाळांसाठी मागणं होतं. बाहेर टेबलावर एक गुळगुळीत पत्रक: दोन रकाने, दोन उमेदवारांचे फोटो, खाली आठ-दहा मुद्दे आणि पुढे 'समर्थन' किंवा 'विरोध'. मुद्दे असे निवडलेले की वाचणाऱ्याला विचार करावा लागू नये. आरोग्यविमा नाही, निर्वासित नाहीत. अशी पत्रकं १९९० च्या दशकात ख्रिश्चन कोअलिशन या पुराणमतवादी ख्रिस्ती संघटनेने कोट्यवधींनी वाटली. पद्धत तीच राहिली. बाकीचं राजकारण रेडिओवर, पॉडकास्टवर आणि फोनच्या पडद्यावर होतं. पास्टरला आठवड्यातून एक तास मिळतो. पडद्याला रोजचे कितीतरी.

काळे इव्हँजेलिकल वेगळं मत का देतात?

तेच बायबल, तोच नवा जन्म, आणि बऱ्याचदा गर्भपाताबद्दल तीच अस्वस्थता. तरी काळे प्रोटेस्टंट मतदार दहापैकी आठाहून अधिक डेमोक्रॅट. कारण त्यांच्या चर्चचा इतिहास गुलामगिरी आणि नागरी हक्कांच्या लढ्यातून आला आहे. केवळ श्रद्धेने मत ठरत असतं तर हे दोन गट इतके लांब उभे राहिले नसते. लॅटिनो इव्हँजेलिकल अलीकडे रिपब्लिकनांकडे बरेच झुकले आहेत.

विरोध कुणीच केला नाही?

केला, आणि किंमत मोजली. सदर्न बॅप्टिस्टांच्या सार्वजनिक धोरण विभागाचे प्रमुख रसेल मूर (रॉय यांचे कुणी नव्हेत) २०१६ पासून ट्रम्प यांच्यावर टीका करत राहिले. चर्चेसनी निधी रोखून धरला, आणि २०२१ मध्ये ते पद सोडून बाहेर पडले. बेथ मूर, लाखो बायकांच्या लाडक्या बायबल शिक्षिका, त्या टेपनंतर उघड बोलल्या. त्यांनीही २०२१ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांचा निरोप घेतला. बिली ग्रॅहम यांनी सुरू केलेल्या 'ख्रिश्चॅनिटी टुडे' या मासिकाने डिसेंबर २०१९ मध्ये ट्रम्प यांना पदावरून दूर करा असा अग्रलेख लिहिला. मतांवर परिणाम? फारसा नाही.

मग हे सरळसरळ ढोंग म्हणायचं का?

मतदार आणि पुढारी यांना मी एका तराजूत घालणार नाही. मतदाराच्या हातात दोन नावं असतात. त्यातलं कमी वाईट कुठलं हे तो त्याच्या मापाने ठरवतो, आणि गर्भपात ही हत्या आहे असं ज्याला खरोखर वाटतं त्याचं गणित वेगळं येणारच. ते मला पटत नाही, पण समजतं. पुढाऱ्यांचं तसं नाही. 'नाइलाज आहे' एवढं म्हणून थांबायची मोकळीक त्यांना होती. त्याऐवजी त्यांनी त्या माणसाला देवाचा निवडलेला म्हटलं, आणि १९९८ चा ठराव कुणी मागे घेतला नाही की त्याचं नावही काढलं नाही. ढोंग हा शब्द वापरायचाच तर तिथे वापरा.

हे फक्त अमेरिकेतच घडतं का?

ब्राझील बघा. २०२२ च्या जनगणनेत तिथे इव्हँजेलिकल २६.९ टक्के भरले. जाईर बोल्सोनारो जन्माने कॅथलिक, तीन लग्नं, हुकूमशाहीच्या काळाचं उघड कौतुक. २०१६ मध्ये त्यांनी यार्देन (जॉर्डन) नदीत एका पेन्टेकॉस्टल पाळकाकडून बाप्तिस्मा घेतला आणि २०१८ मध्ये इव्हँजेलिकल मतांच्या जोरावर अध्यक्ष झाले. २०२२ मध्ये त्यांचे प्रतिस्पर्धी लुला यांना प्रचाराच्या शेवटच्या टप्प्यात इव्हँजेलिकलांना खास पत्र लिहावं लागलं, तेव्हा कुठे ५०.९ टक्क्यांवर निभावलं.

जाता जाता: लॅटिन अमेरिकेतल्या पेन्टेकॉस्टल चळवळीचा एक धागा आपल्या केडगावला पोचतो. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे आध्यात्मिक जागरण झालं, त्याची हकिकत मिनी एब्रम्स या तिथल्या मिशनरी बाईंनी पुस्तिकेत लिहिली. ती चिलीत वालपरायसोला त्यांच्या एका मैत्रिणीच्या हाती पडली, आणि तिथली चळवळ १९०९ मध्ये उभी राहिली. रमाबाईंना तिचं आजचं राजकारण कसं वाटलं असतं, हा तर्क ज्याने त्याने करावा.

पुढच्या निवडणुकीत बातम्या वाचताना काय बघू?

प्रश्न कसा विचारला होता ते आधी बघा. मतदानोत्तर चाचणीत साधारणपणे 'तुम्ही स्वतःला बॉर्न-अगेन किंवा इव्हँजेलिकल ख्रिस्ती मानता का' एवढंच विचारतात. त्याला 'हो' म्हणणाऱ्यांत काही कॅथलिक आणि मॉर्मनही येतात. म्हणून अशा चाचण्यांत हा गट मतदारांच्या पाव हिस्स्याच्या आसपास भरतो, आणि पंथ नीट विचारून मोजला तर लोकसंख्येच्या सातव्या हिस्स्याएवढा. काही फरक व्याख्येचा, काही उत्साहाचा. हे लोक मतदानाला न चुकता जातात.

चर्चला किती वेळा जाता, हे विचारलं आहे का तेही पाहा. २०१६ च्या प्राथमिक फेरीत दर रविवारी जाणाऱ्यांमध्ये ट्रम्प यांचा जोर कमी होता आणि त्यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांचा जास्त. क्वचित जाणाऱ्यांमध्ये उलट. त्यानंतरच्या चार वर्षांत प्यू संशोधन केंद्राला असं आढळलं की ट्रम्प यांच्याबद्दल आपुलकी असलेले काही गोरे लोक, जे आधी स्वतःला इव्हँजेलिकल म्हणत नव्हते, ते म्हणू लागले. त्यामुळे 'इव्हँजेलिकलांपैकी इतके टक्के' असा मथळा दिसला की त्यातले किती जण श्रद्धेकडून राजकारणाकडे आले आणि किती राजकारणाकडून श्रद्धेकडे, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. त्यासाठी बातमीखालचा तक्ता उघडावा लागतो.